मागच्या आंसाचें तेल

बैलगाडी घेऊन लांबच्या वाटेला निघालेला गाडीवान दोन गोष्टी घरीं विसरत नसे. एक बैलांची वैरण, आणि दुसरी गाडीखालीं टांगलेली वंगणाची नळी. मुक्कामाच्या ठिकाणीं तो चाकाची कुणी काढी, चाक आंसावरून थोडें बाहेर ओढी, आंसाला काळें वंगण लावी आणि चाक पुन्हां जागेवर बसवी. या कामीं त्यानें आळस केला तर त्याची शिक्षा दुसऱ्याच दिवशीं मिळे. चाक असें कांहीं करकरूं लागे कीं गाडी वेशींत शिरण्यापूर्वींच साऱ्या गांवाला गाडीवानाचा स्वभाव कळे.

मोटारगाडीनें ही करकर बंद केली. वंगण लोखंडी कोठींत कोंडलें गेलें, वरून बूच बसलें, आणि मालकाचा व वंगणाचा संबंध तुटला. एंजिनाच्या तेलाची आठवण निदान राहते. त्याला मोजण्याची पट्टी असते. त्याचा दाब उतरला तर चालकासमोर तांबडा दिवा लागतो. परंतु मागच्या आंसाच्या मध्यभागीं भोपळ्यासारखी जी लोखंडी गांठ दिसते, तिच्यांतल्या तेलाला ना पट्टी ना दिवा. मोटारींतलें हें सर्वांत मुकें तेल होय. तें निम्में गळून गेलें तरी गाडी चालत राहते. आणि जेव्हां मागून कण्हल्यासारखा आवाज येऊं लागतो, तेव्हां बहुधा दांते खराब होऊन चुकलेले असतात. मग जें काम दीड-दोन लिटर तेलांत भागलें असतें, त्यासाठीं सबंध आंस खोलून दंतचक्रांची जोडी बदलावी लागते.

या गांठीला कारागीर डिफरन्शिअल म्हणतात. छत्रपति संभाजीनगरच्या गॅरेजांतून तिच्या तेलाला 'नब्बे नंबर' असें उर्दू वळणाचें नांव ऐकूं येतें, आणि तें ज्याला ठाऊक आहे त्याच्याशीं मिस्त्री जरा निराळ्या आदरानें बोलतो.

बैलगाडीला डिफरन्शिअल लागत नाहीं. कां लागत नाहीं हें कळलें कीं मोटारीला तें कां लागतें याचा उलगडा आपोआप होतो. बैलगाडीचा आंस स्थिर असतो आणि चाकें त्याच्याभोंवतीं आपापल्या मर्जीनें फिरतात. गाडी ओढतात ते बैल. चाकांना कोणी फिरवीत नाहीं. मोटारींत सर्व उलट. तेथें एंजिन चाकांना फिरवतें आणि चाकें गाडीला पुढें ढकलतात. दोन्ही चाकें एकाच दांड्यावर घट्ट बसवलीं तर सरळ रस्त्यावर कांहीं बिघडणार नाहीं. वळणावर मात्र सारें बिघडेल. समजा, क्रांति चौकांतल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याला मोटारीनें पूर्ण वळसा घातला, आणि तिच्या डाव्या व उजव्या चाकांमध्यें १.४ मीटर अंतर आहे. अशा वेळीं बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां जवळजवळ ९ मीटर अधिक चाल पडते. वळसा मोठा असो वा लहान, हा फरक तितकाच राहतो. घरांत शाळकरी मुलें असतील त्यांनीं तो कागदावर काढून पाहावा, दोन ओळींचें गणित आहे. एकाच दांड्याला जखडलेलीं चाकें हा फरक मिटवणार कशीं? एखादें चाक रस्त्यावर घसटत जाईल, टायर खरवडून निघेल, किंवा आंसच पिळवटून तुटेल.

हा पेंच ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञानें १८२७-२८ च्या सुमारास सोडवला. पेट्रोलची मोटार तेव्हां जन्माला यावयाची होती. त्याच्या डोळ्यांपुढें वाफेवर चालणारी गाडी होती. त्यानें आंसाचे दोन भाग केले आणि त्यांच्या मध्यें लहान दंतचक्रें अशा रीतीनें बसवलीं कीं एक चाक जितकें मागें पडेल तितकेंच दुसरें पुढें जाईल, आणि तरीही ओढ दोघांनाही मिळत राहील. मोटारींत या कोठीकडे आणखी एक काम आलें. एंजिनाकडून येणारा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेनें पसरलेला असतो आणि चाकांचा आंस आडवा असतो. ओढीची दिशा अशी काटकोनांत वळवण्यासाठीं पिनियन नांवाचें लहान दंतचक्र क्राऊन नांवाच्या मोठ्या दंतचक्राला फिरवतें.

पूर्वीं पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर बसवीत. १९२६ च्या सुमारास अमेरिकेंतल्या पॅकार्ड मोटारींत तें मध्यरेषेच्या खालीं बसवण्यांत आलें. त्यामुळें दांडा खालीं गेला, गाडीची बैठक उतरली, आणि चालतांना होणारा आवाजही कमी झाला. या रचनेला हायपॉइड म्हणतात, आणि पुढें ती सर्वत्र पसरली. पण सुखाबरोबर एक अडचण आली. या चक्रांचे दांते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत. ते घासत सरकतात. दोन दांत्यांमधला दाब इतका प्रचंड कीं साधें तेल मधून पिळून निघतें आणि पोलाद पोलादाला भिडतें. म्हणून या तेलांत गंधकाचीं व स्फुरदाचीं संयुगें मिसळलेलीं असतात. घर्षणाची उष्णता लागली कीं तीं धातूवर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतात, आणि दांत्याऐवजीं तो पापुद्रा झिजतो. या तेलाला जो उग्र वास येतो तो याच गंधकाचा. डब्यावर 'जी.एल.-५' अशीं अक्षरें छापलेलीं असतात तें तेल हायपॉइड आंसासाठीं केलेलें असतें. उरलेलें तेल वांया कशाला घालवा म्हणून तेंच गिअरपेटींत ओतण्याचा मोह काटकसरी माणसाला होतो. तो आवरलेला बरा. कांहीं गिअरपेट्यांतल्या पितळी कड्यांना हें तेल मानवत नाहीं.

सर्वच घरगुती मोटारींना ही निराळी कोठी असते असें नाहीं, आणि पाना हातीं घेण्यापूर्वीं तेवढें पाहून घेतलें पाहिजे. १९८३ सालीं रस्त्यावर आलेल्या मारुति ८०० पासून आपल्याकडच्या लहान मोटारींत पुढचींच चाकें फिरवण्याची पद्धत रुळली. अशा मोटारींत डिफरन्शिअल गिअरपेटीच्या पोटांतच असतें आणि बहुधा दोघांचें तेल एकच असतें. शेंद्र्याच्या कारखान्यांत जोडली गेलेली स्कोडा ऑक्टाव्हिया हीही पुढच्या चाकांचीच गाडी. याउलट जुनी अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी, त्याचप्रमाणें बोलेरो, सुमो आणि ईको या मागच्या चाकांच्या गाड्या. यांच्या मागच्या आंसाला ती भोपळ्यासारखी गांठ ठळक दिसते. चारही चाकांना ओढ असलेल्या जीपगाडीला पुढच्या आंसालाही तशीच दुसरी कोठी असते, आणि तिची आठवण तर क्वचितच कोणाला होते. वाळूजच्या बजाज कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या रिक्षाला मागें दोन चाकें आहेत, तेव्हां तिलाही डिफरन्शिअल चुकत नाहीं. गुलमंडीच्या गर्दींत रिक्षा चार हातांच्या जागेंत वळते ती त्याच्याच बळावर.

मराठवाड्यांत या तेलाची कसोटी लागते. वैशाखांत येथील पारा चाळिशी ओलांडतो. लग्नसराईंत नऊ माणसांच्या जागीं बारा माणसें, वर आहेराचीं भांडीं, आणि गाडी निघते कन्नडमार्गें चाळीसगांवाकडे. औट्रम घाट चढतांना व उतरतांना क्राऊनच्या दांत्यांच्या दोन निरनिराळ्या बाजूंवर भार येतो. चढणीला एका अंगावर, आणि एंजिनानें गाडी आवरून धरीत उतरतांना दुसऱ्या. म्हणजे घाट संपेपर्यंत त्यांना विसावा असा नाहींच. पुढें पावसाळ्यांत एखाद्या ओढ्याचें पाणी आंसापर्यंत चढतें. तापलेली कोठी पाण्यांत शिरून एकाएकीं निवाली कीं आंतली हवा आकुंचन पावते, आणि कोठें फट असेल तेथून पाणी आंत ओढलें जातें. एस. टी.च्या आगारांत प्रत्येक गाडीनें किती किलोमीटर काटले याची नोंद असते आणि त्या नोंदीवरून देखभाल ठरते. चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेचा सारा व्यवहार अशा नोंदींवर उभा आहे. घरच्या गाडीला अशी वही नसते. गाडी विकत घेणाऱ्यानें विकणाऱ्याला मागच्या आंसाचें तेल केव्हां बदललें असें विचारावें, म्हणजे चेहऱ्यावरूनच उत्तर कळतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळावयाचें. समजा, बेगमपुऱ्यांत राहणाऱ्या आणि विद्यापीठांत नोकरी करणाऱ्या एखाद्या गृहस्थांनीं आपल्या जुन्या बोलेरोचें हें तेल स्वतः बदलण्याचें मनांत आणलें. रविवारची सकाळ. पुतण्या मदतीला आहे. काकांनीं गाडीखालीं शिरून तळचें बूच उघडलें, काळें तेल भळभळां घमेल्यांत उतरलें, दोघांनाही धन्यता वाटली. तळचें बूच परत बसवून काका वरच्या बुचाकडे, म्हणजे ज्यांतून नवें तेल भरावयाचें त्याकडे वळले. तें हलेना. दहा वर्षांचा गंज आणि चिखल त्यावर बसलेला. पाना घसरला, बुचाचीं धारदार टोकें गोल झालीं, बोटांचीं सालटीं निघालीं. आतां आंस कोरडा, गाडी जागची हलवतां येत नाहीं, रविवारीं मिस्त्री मिळत नाहीं, आणि सोमवारीं सकाळीं काकूंच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्याचें ठरलेलें आहे. या प्रसंगानंतर त्या घरांत 'स्वावलंबन' हा शब्द बरेच दिवस कोणी उच्चारणार नाहीं.

हा सारा प्रसंग एका नियमानें टळतो. भरावयाचें बूच आधीं सैल करावें आणि मगच सोडावयाच्या बुचाला हात लावावा. वरचें बूच उघडलें नाहीं तर काम तेथेंच थांबवावें. जुनें तेल जागेवर आहे, गाडी गॅरेजपर्यंत खुशाल जाईल. अवघड बुचाला आदल्या रात्रीं गंज सोडवणारें तेल लावून ठेवावें. त्याच्या तोंडाला नेमका बसणारा पाना नसेल तर तो बाजारांतून आणावा. सैल पान्यानें जोर करणें म्हणजे बुचाचें तोंड मोडून ठेवणें.

काम सुरू करण्यापूर्वीं गाडी दहा-पंधरा मिनिटें फिरवून आणावी. गार तेल मधासारखें असतें, तें उतरतांना तळाचा गाळ मागें ठेवतें. कोमट तेल गाळासकट येतें. गाडी अगदीं सपाट जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा, गिअरमध्यें ठेवावी, आणि पुढच्या चाकांना दोन्हीं बाजूंनीं लाकडी ठोकळे लावावे. बोलेरोसारख्या उंच गाडीखालीं न उचलतां शिरतां येतें, आणि तसेंच शिरावें. उचलणें भागच पडलें तर नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीही डोकें घालूं नये. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, पेलून धरण्याचें नव्हे. पेलण्यासाठीं लोखंडी घोड्या निराळ्या मिळतात. ही सूचना येथें थोडी कठोर वाटेल, पण या सबंध कामांत जिवाला धोका आहे तो एवढ्या एकाच ठिकाणीं. घमेलें मात्र घमेलेंच असावें. स्वयंपाकघरांतली परात एकदां या तेलाखालीं गेली कीं गंधकाचा वास तिला जन्मभर सोडीत नाहीं.

बुचांभोंवतींचा चिखल आधीं चिंध्यांनीं व ब्रशानें साफ करावा, नाहींतर बूच निघतांक्षणीं तोच आंत पडतो. मग तेल सोडावें, आणि तें गळत असतां घाई करूं नये. हा अर्धा तास या कामांतला सर्वांत मोलाचा आहे, कारण या वेळीं मालकाला आंसाच्या आंत डोकावतां येतें. तेल नुसतें काळें पडलें असेल तर त्यांत नवल नाहीं. दुधाळ, चहासारखें दिसलें तर पाणी शिरलेलें आहे. सोडावयाच्या बुचाच्या टोंकाला पुष्कळ गाड्यांत लहानसें लोहचुंबक असतें. त्यावर काजळासारखी बारीक करडी पूड बसलेली आढळेल. ती नित्याची झीज होय, पुसून टाकावी. परंतु नखाएवढा कपचा, सुईसारखा तुकडा किंवा दांत्याचें टोंक सांपडलें, तर नवें तेल भरून कांहीं साधणार नाहीं. तो तुकडा कागदांत गुंडाळून मिस्त्रीला नेऊन दाखवावा.

बुचाखालचा वायसर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो. तो नवा घालावा, किंमत नगण्य आहे. बूच जागेवर बसवून तेल भरावयाचें. वरचें भोंक आडवें आणि अडचणींत असल्यामुळें डबा तिरपा करून तें भरतां येत नाहीं. हातपंप किंवा डब्याच्या तोंडाला लावलेली रबरी नळी लागते. किती भरावें याचें उत्तर कोठीच देते. भोंकाच्या खालच्या काठापर्यंत तेल आलें कीं तें बारीक धारेनें बाहेर येऊं लागतें. धार थांबूं द्यावी आणि बूच लावावें. तेलाचा नंबर, प्रमाण आणि किती किलोमीटरनंतर बदलावें हें त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें, आणि त्यांत शेजाऱ्याचें मत मिसळूं नये. कांहीं गाड्यांत चाक घसरूं न देणारें विशेष जातीचें डिफरन्शिअल असतें. त्याचें तेल निराळें.

थोडें अधिक असलेलें बरें, असा हिशेब येथें चालत नाहीं. अधिक तेल तापून फुगतें, आंसाच्या नळकांड्यांतून चाकांकडे सरकतें, टोंकाचें सील ओलांडतें आणि मागच्या ब्रेकच्या अस्तरावर पसरतें. तेल लागलेला ब्रेक धरीत नाहीं. हाच परिणाम दुसऱ्या एका क्षुल्लक कारणानें होतो. आंसाच्या वरच्या बाजूला हवा खेळण्यासाठीं एक लहान नळी किंवा टोपी असते. ती चिखलानें बुजली कीं तापलेल्या हवेला वाट राहत नाहीं व ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. ओढ्याच्या चिखलांतून आलेल्या गाडीची ही टोपी फुंकर मारून पाहण्याला पैसा लागत नाहीं, पण ती टोपी आहे हें मात्र ठाऊक असावें लागतें.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करून वांचतें तें काय? पैशांत पाहिलें तर फारसें नाहीं. गॅरेजांतली मजुरी थोडीच असते. गाडी हमीच्या मुदतींत असेल, अंगण उताराचें असेल किंवा कंबर दुखरी असेल तर हें काम मिस्त्रीकडेच द्यावें आणि आपण शेजारीं उभें राहून निघालेलें तेल व बुचाचें टोंक पाहावें. खरा लाभ त्या पाहण्यांतच आहे. गाडीखालीं शिरलेल्या माणसाला तेल बदलतां बदलतां ब्रेकची फुटूं आलेली नळी दिसते, स्प्रिंगचें तुटलेलें पान दिसतें.

घमेल्यांत उरलेल्या काळ्या तेलाचा प्रश्न राहतो, आणि बेगमपुऱ्यांतल्या गृहस्थांना तो इतरांहून जवळचा आहे. घराबाहेरचें गटार समोर असतें. दोन लिटर तेल त्यांत सोडलें तर कोण पाहतो? पण बेगमपुऱ्याच्या कडेनें, पाणचक्कीपाशीं वाहते ती खाम नदी. ती हर्सूलच्या अंगानें येते, शहरांतून जाते, आणि शेवटीं तिचें पाणी पैठणच्या नाथसागराला मिळतें. १९७६ सालीं पुरें झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. छत्रपति संभाजीनगरच्या नळांना पाणी येतें तें येथूनच. ज्या पाण्यासाठीं या शहरानें वर्षानुवर्षें एक दिवस नव्हे, कित्येक दिवसांआडची वाट पाहिली, त्या पाण्याकडे आपलेंच तेल पाठवण्यासारखें तें होतें. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत मोडतें. तें मातींत ओतूं नये, चुलींत जाळूं नये, आणि दाराच्या बिजागरीलाही लावूं नये. नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यांत तें भरून, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'जुनें तेल' असें लिहून, ज्या गॅरेजांत जुन्या तेलाचीं पिंपें भरून अधिकृत शुद्धीकरणवाल्यांकडे पाठवतात तेथें नेऊन द्यावें. असें गॅरेज चौकशी केल्यास सांपडतें. मिस्त्रीला त्या तेलाचे पैसे मिळतात, तेव्हां तो नाहीं म्हणत नाहीं.

मग हात धुवावे. साबणानें हा वास जात नाहीं. हाताला आधीं थोडें गोडेंतेल व बेसन चोळून मग साबण लावावा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडी बाहेर काढण्यापूर्वीं आंसाखालची फरशी पाहावी. थेंब दिसला नाहीं तर वायसर नीट बसला आहे. दिसला तर बूच आणखी आवळण्याच्या भरीस न पडतां वायसर पुन्हां बदलावा. फार आवळलेल्या बुचाचे आटे जातात आणि मग कोठीच उतरवावी लागते. आणि घरांत दूधवाल्याच्या हिशेबाची जी वही असते, तिच्या मागच्या पानावर तारीख, मीटरवरचा आंकडा, तेलाचा नंबर आणि बुचावर काय दिसलें तें लिहून ठेवावें.